खाचर, वरकस आणि डोंगर : मावळातल्या गावाची मालमत्ता

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात रयतवारी पद्धतीला साधारणपणे एक परिच्छेद मिळतो. जमिनीची मोजणी झाली, सारा ठरला, शेतकरी थेट सरकारला सारा भरू लागला, पुढे सावकारी वाढली. मुले हे पाठ करतात, आपण तपासतो, आणि प्रकरण संपते. हे चूक आहे असे नाही. पण ही वाक्ये ज्या गावाचे वर्णन करतात ते गाव सपाट असते. शेताला शेत लागलेले, मधे बांध, कडेला ओढा. मावळातल्या शाळेत हाच धडा शिकवताना खिडकीबाहेर दिसते ते गाव असे नसते.

पावसाळ्यात लोणावळ्याहून पुण्याकडे येणाऱ्या लोकलमधून बाहेर पाहा. रुळांच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसतात. पाण्याने भरलेली, पायऱ्यापायऱ्यांची. बहुतेकांची नजर तिथेच थांबते. थोडी वर नेली तर खाचरांच्या मागे उतार दिसतो, त्याच्या वर झाडी, त्याच्या वर कातळ आणि सडा. हे सगळे मिळून एक गाव होते. खाचर म्हणजे त्या गावाचा फक्त तळ.

मावळाची भूमी समजायला पाऊस समजावा लागतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तिथून सुमारे तीस किलोमीटर पूर्वेला तळेगावच्या बाजूस तो हजार-बाराशेवर येतो, आणि पुण्यात सातशेच्या आसपास. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक फार कमी ठिकाणी असेल. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या डोंगरसोंडांमधल्या लांबट खोऱ्यांना मावळ म्हणतात. आजच्या मावळ तालुक्यात अशी तीन प्रमुख खोरी आहेत. पवनेचे पवन मावळ, इंद्रायणीचे नाणे मावळ आणि आंद्रा नदीचे आंदर मावळ. खोऱ्याचा तळ अरुंद, आणि सपाट जमीन तेवढीच. बाकी सगळा उतार. पाऊस प्रचंड, पण मातीचा थर पातळ, आणि दिवाळीनंतर डोंगर कोरडाठाक. म्हणजे ज्या गावात जूनमध्ये छपरे वाहून जायची भीती, त्याच गावात एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात.

अशा जागी एकाच प्रकारच्या जमिनीवर घर चालत नाही. मावळातले कुटुंब तीन-चार प्रकारच्या जमिनीवर मिळून जगे. तळातले खाचर भातासाठी. उतारावरची वरकस जमीन नाचणी, वरी आणि खुरासणीसाठी. त्यावरचा माळ गुरांसाठी. आणि सर्वांत वरची झाडी जळणासाठी, घराच्या लाकडासाठी, औषधासाठी, हिरड्या-जांभळासाठी, आणि मुख्य म्हणजे राबासाठी.

वरकस जमिनीचे चक्र लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या वर्षी नाचणी. दुसऱ्या वर्षी वरी किंवा सावा. तिसऱ्या वर्षी खुरासणी. मग जमीन सोडून द्यायची. काही वर्षे तिच्यावर गवत वाढे, झुडपे वाढत, गुरे चरत, मातीत पुन्हा थोडा जीव येई. तोवर शेतकरी शेजारच्या तुकड्यावर गेलेला असे. बाहेरून पाहणाऱ्याला ही पडलेली जमीन ओसाड वाटे. प्रत्यक्षात ती विश्रांती घेत असे, आणि कोणाचा तुकडा कुठून कुठवर हे गावात प्रत्येकाला ठाऊक असे. डोंगरावर राहणारे धनगर, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे जगणे या वरच्या पट्ट्यावर आणखीच अवलंबून होते. त्यांच्यातल्या अनेकांजवळ तळातले खाचर कधी नव्हतेच.

आता राब. शहरी शिक्षकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. भाताचे रोप ज्या छोट्या तुकड्यात वाढवायचे, तिथे उन्हाळ्यात शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा, गवत असे थर रचतात. वर मातीचा पातळ थर देतात आणि वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवतात. आग भडकू द्यायची नाही, धुमसू द्यायची. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकायचे आणि महिनाभराने रोपे उपटून खाचरात लावायची. टहाळ्यांचे भारे डोंगरावरून आणायचे काम फार मोठे, आणि ते बहुतांशी बायकांच्या डोक्यावरचे. म्हणजे तळातल्या भाताची सुरुवात वरच्या झाडीत होते. खाचराच्या मालकाला डोंगर बंद झाला तर खाचरही अर्धे झाले असे समजावे.

राब ही अंधश्रद्धा आहे की शास्त्र, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी खात्यांमध्ये चांगलेच भांडण झाले. वनखात्याचे म्हणणे, हे लोक झाडे ओरबाडून जंगलाचा नाश करतात आणि पाला जाळून खत फुकट घालवतात. महसूल आणि शेतीखात्यातल्या काहींचे म्हणणे वेगळे होते. शेतीखात्याचे संचालक ओझॅन यांनी १८८०च्या दशकात राबावर प्रयोग करून घेतले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढेही राबाचा प्रश्न मोठा होता. त्याचा अहवाल १८८७चा. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह १९१२ साली राबपद्धतीवर सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. राखेतून पोटॅश आणि फॉस्फरस मिळतात हे तर उघडच होते. पण नुसती राख आणून पसरली तर तोच परिणाम का मिळत नाही? त्यांच्या कामातून पुढे आले ते असे, की माती तापणे हाच फायद्याचा महत्त्वाचा भाग आहे. तापलेल्या मातीत विरघळणारी द्रव्ये वाढतात, नत्र अमोनियाच्या रूपात मोकळा होतो, तणांचे बी मरते आणि मातीचा पोत बदलतो.

नेमके याच सुमारास, १९०९ साली, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन हे माती तापवल्यावर तिची सुपीकता का वाढते याचा अभ्यास करत होते. मातीतल्या उपयुक्त जिवाणूंना खाणारे आदिजीव उष्णतेने मरतात, म्हणून जिवाणू वाढतात, असे त्यांचे अनुमान होते. ते अनुमान त्या साध्या रूपात पुढे टिकले नाही. प्रश्न मात्र खरा होता. मावळातल्या बाईने तो कधी विचारला नव्हता. तिला उत्तर माहीत होते, कारण माहीत नव्हते. रोथॅमस्टेडला निम्मे कारण माहीत होते. वर्गात विज्ञानाची पद्धत शिकवताना हे उदाहरण मला प्रयोगशाळेतल्या अनेक उदाहरणांपेक्षा बरे वाटते.

पण आपला मुद्दा मालमत्तेचा. या सगळ्यात काय कोणाचे होते?

पेशवाई संपली तेव्हाच्या महाराष्ट्रातल्या गावात ‘मालक’ हा शब्द आजच्या अर्थाने बसवता येत नाही. मिरासदार होता. त्याचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क, सारा भरतो तोवर कोणी काढू शकत नाही, आणि परागंदा होऊन काही वर्षांनी परतला तरी त्याला मिरास मागता येई. दुसरा उपरी. तो कौलाने जमीन कसणारा, आज या गावात तर उद्या त्या गावात. ज्यांचे कूळ नाहीसे झाले त्यांची जमीन गतकूळ म्हणून गावाकडे पडून राही. पाटील, कुलकर्णी, देशमुख, महार यांची वतने वेगळी. सुतार, लोहार, चांभार, न्हावी यांचा जमिनीवर नव्हे, पण खळ्यावरच्या धान्यावर हक्क, तो बलुत्याचा. सरकारचा हिस्सा, पाटलाचा मान, देवाचे इनाम, बलुतेदाराची पेंढी. एकाच शेतातल्या पिकावर इतक्यांचे हात. हे काही सुखाचे राज्य नव्हते. महाराच्या वाट्याला वतनासोबत आलेली वेठ आणि अस्पृश्यता हा त्याच व्यवस्थेचा भाग होता, आणि उपऱ्याला गावसभेत आवाज नसे. माझा मुद्दा एवढाच, की हक्क एका माणसाच्या नावे गोळा झालेले नव्हते. आणि वरकस, माळ, झाडी यांच्यावरचा हक्क तर वहिवाटीत होता, कागदावर जवळजवळ नव्हता.

इथे जरा दूर, इंडोनेशियाच्या डोंगरांत जाऊन येऊ. कारण हाच प्रश्न तिथे वेगळ्या पिकाच्या निमित्ताने आला, आणि दोन्हीकडे डोके चालवणारी माणसे एकमेकांच्या वह्या वाचत होती.

जावात कॉफी गेली ती हिंदुस्थानच्या मलबार किनाऱ्यावरून, सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी. १६९६ची पहिली रोपे पुरात गेली, १६९९ची जगली. काही दशकांत डच कंपनी जावाच्या पश्चिमेकडील प्रियांगन डोंगराळ भागातल्या लोकांकडून सक्तीने कॉफी घेऊ लागली. १८११ ते १८१६ जावा इंग्रजांच्या ताब्यात होते. तिथला लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स. त्याने १८१४च्या सुमारास प्रत्येक शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याचा घाट घातला. ही कल्पना मद्रास इलाख्यातल्या मन्रोच्या रयतवारीशी नाते सांगणारी होती. मद्रासमध्ये मोजणी केलेला कॉलिन मॅकेंझी त्या वेळी जावातच होता. पण मोजणीला माणसे नव्हती, वेळ नव्हता. सारा पुन्हा गावच्या प्रमुखामार्फतच घ्यावा लागला. मग डच परतले आणि १८३० पासून व्हान डेन बॉशने सक्तीची पिके लादली. कागदावर नियम असा, की गावाने पाचवा हिस्सा जमीन निर्यातीच्या पिकासाठी द्यावी. कॉफीला तोही लागू पडेना, कारण कॉफी भाताच्या खाचरात होत नाही. ती डोंगरउतारावर होते. तेव्हा प्रत्येक कुटुंबाने अमुक इतकी झाडे लावायची, राखायची आणि सरकारी भावाने फळ द्यायचे, असा हिशेब ठरला. १८५०च्या दशकात नेदरलंडच्या सरकारी उत्पन्नातला जवळपास तिसरा हिस्सा जावातून जात होता, आणि त्यात कॉफीचा वाटा सर्वांत मोठा.

सुमात्राच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातल्या मिनांगकाबाऊ लोकांची गोष्ट आपल्याला आणखी उपयोगी आहे. तिथे भाताची खाचरे आईच्या कुळाची असतात, मुलीकडे जातात, आणि विकता येत नाहीत असा दंडक. पुरुषाने स्वतःच्या श्रमाने मिळवलेले ते वेगळे, स्वार्जित. डचांनी १८४७ पासून तिथे सक्तीची कॉफी आणली. ती झाडे लागली रानात, उतारावर. खाचर कुळाचे, पण रान साफ करून लावलेले झाड लावणाऱ्याचे. जमीन एकाची आणि तिच्यावरचे झाड दुसऱ्याचे, हे आपल्याला चमत्कारिक वाटते. पण मावळातही आंबा, हिरडा यांच्या वहिवाटी जमिनीहून वेगळ्या असत, आणि साग, शिसव, चंदन ही झाडे तर कोणाच्याही शेतात उगवली तरी सरकारची. १९०८ साली कॉफीची सक्ती उठून तिच्या जागी रोख कर आला तेव्हा मिनांगकाबाऊ गावांनी बंड केले.

आणि १८७० सालचा डच जमीन कायदा. त्यातले तत्त्व असे : ज्या जमिनीवर कोणी आपली मालकी सिद्ध करू शकत नाही ती सरकारची. मग ती सरकारने मळेवाल्यांना ७५ वर्षांच्या पट्ट्याने द्यावी. सिद्ध करणे म्हणजे काय? कागद दाखवणे. रानातल्या वहिवाटीला कागद कुठला? व्हान व्होलेनहोवेन नावाच्या डच कायदेपंडिताने आपली सारी विद्वत्ता याविरुद्ध खर्च केली. गावाभोवतालचे रान हे मोकळे पडलेले नसून गावाच्या सामाईक हक्काचे असते, हे तो १९१९ सालच्या आपल्या पुस्तकात परोपरीने सांगत होता.

आता परत मावळात. इकडे दख्खनमध्ये पहिली मोजणी केली रॉबर्ट कीथ प्रिंगल याने, १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. हा हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला, आणि खंडाचा रिकार्डोप्रणीत सिद्धांत डोक्यात घेऊन आलेला. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. गणित सुंदर होते. निव्वळ उत्पन्न काढणारे कारकून, लाच, चुकीची मोजणी आणि पडलेले धान्याचे भाव यांनी त्याचे जे केले ते पुस्तकात वाचायला मिळते. थकबाकी साठली, शेतकरी गावे सोडून निजामाच्या मुलखात गेले. १८३६ पासून इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नवी सुरुवात केली. त्यांनी उत्पन्नाचा नाद सोडला. मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून आण्यांमध्ये प्रत ठरवायची. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. मुलांना गुंठ्याचा हा विचित्र आकडा कुठून आला ते सांगता येईल. सारा तीस वर्षांसाठी कायम. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मावळातही पोचली.

विंगेटची पद्धत प्रिंगलच्या मानाने फार बरी होती, हे मान्य करायला हवे. सारा कमी झाला, ठरलेला झाला. पण तिचे माप खाचराला बसत होते, डोंगराला नाही. मोजणीला हवा असतो एक नंबर, त्याच्या चार सीमा आणि त्याचा एक खातेदार. खाचराला हे तिन्ही होते. वरकस जमिनीचा दर हलका ठेवला तरी सारा दरवर्षीचा, आणि पीक आठ-दहा वर्षांतून तीन वर्षे. पडीक ठेवलेल्या जमिनीचाही सारा भरायचा किंवा राजीनामा देऊन नंबर सोडायचा, असा हा सरळ हिशेब. ज्याने सोडला त्याची जमीन सरकारी पड झाली. ज्याने ठेवला त्याला ती विश्रांती न देता पुन्हापुन्हा नांगरायचा मोह होणार. दोन्ही वाटा डोंगराला वाईट.

सोडलेली आणि कधीच कोणाच्या नावे नसलेली जमीन पुढे १८७८च्या वनकायद्याखाली राखीव किंवा संरक्षित जंगलात जाऊ लागली. जावातला १८७० चा कायदा आणि आपला १८७८ चा, दोन्हींची भाषा वेगळी, पण मनातला विचार एकच : ज्याचा कागद नाही ते सरकारचे. कालपर्यंत जिथून राबाचे टहाळे यायचे, तिथे आता गार्ड उभा राहिला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायराने आणि चराऊ राने बळकावल्याबद्दल जी आग पाखडली आहे, ती पुण्याच्या आसपासचे हेच डोंगर पाहिलेल्या माणसाची आहे.

खाचराच्या बाजूला दुसरीच गोष्ट घडत होती. मिरासदार आणि उपरी हा भेद पुसून सगळे खातेदार झाले. खातेदाराचा हक्क वारसाने जाणारा, विकता येणारा आणि गहाण ठेवता येणारा. यात उपऱ्याचा फायदाच झाला. पण विकता येणारी वस्तू सावकाराला तारण म्हणून घेता येते. पूर्वी सावकाराला पिकावर हात ठेवता येई, आता जमिनीवर ठेवता येऊ लागला, आणि मागे दिवाणी कोर्ट उभे होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. ते सपाटीवरचे गाव. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. डोंगरात बंड झाले नाही म्हणून कर्ज नव्हते असे नाही.

जमीन वाटतही चालली होती. डॉ. मान, तेच राबवाले, त्यांनी मावळाच्या खालच्या अंगाला पवनेच्याच काठी असलेल्या पिंपळे सौदागर या गावाचा बारकाईने अभ्यास करून तो १९१७ मध्ये छापला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १७७१ साली तिथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १९१४-१५ साली ती ७ एकरांवर आली होती. आज त्या ७ एकरांवर किती मजली इमारती आहेत ते पुण्याच्या वाचकांना सांगायला नको. १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. आजच्या सातबाराची बीजे तिथे आहेत. या नोंदीत कोण कसतो आणि कोणाच्या नावे आहे यांचे रकाने वेगळे होते खरे, पण कोण राबाला कुठे जातो, कोणाची गुरे कुठल्या माळावर, याला रकाना नव्हता. लावणी करणाऱ्या बाईचे नाव तर नवरा वारल्याखेरीज त्या कागदावर यायचे नाही. मिनांगकाबाऊची गोष्ट मुलींना सांगितली तर त्या याच ठिकाणी तुम्हाला थांबवतील असा माझा अंदाज आहे.

मग आली धरणे. मावळाच्या इतिहासात हा भाग सर्वांत जड आहे. भोर घाटात १८३० मध्ये रस्ता झाला होता, १८६३ मध्ये रेल्वेही घाट चढली, लोणावळा हे मुंबईकरांच्या हवा खाण्याचे ठिकाण झाले. पण घाटमाथ्याचा पाऊस हीच मालमत्ता आहे हे टाटांच्या योजनेने दाखवले. पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि पश्चिमेकडे घाटाखाली सोडायचे. उंचीतला फरक पाचशे मीटरांहून जास्त. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तलाव बांधले, १९११ मध्ये कोनशिला बसली, आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. त्यानंतर आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण, १९२२ मध्ये भिवपुरीची वीज. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम अव्वल होते, आणि मुंबईची हवा त्यामुळे कोळशाच्या धुरापासून बरीच वाचली.

पण पाणी साठते कुठे? जिथे सपाटी असते तिथे. मावळात सपाटी म्हणजे खाचर. १८९४च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बुडणाऱ्या जमिनीचा मोबदला तिच्या कागदोपत्री मालकाला मिळायचा. वरचा उतार बुडत नाही, म्हणून त्याचे संपादन नाही, म्हणून त्याचा मोबदला नाही. आता वर सांगितलेले आठवा. खाचर गेल्यावर वरकस आणि झाडी यांच्या भरवशावर घर चालत नाही, आणि खालचे गावठाण उठल्यावर वरच्या उतारावर राहायचे तरी कुठे? एका पूर्ण वस्तूचा एक अवयव तोडून त्याची किंमत दिली गेली. आणि ज्यांची वहिवाट वरच होती, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

शेजारच्या मुळशी खोऱ्यात हे सगळे उघड्यावर आले. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. बापटांना सेनापती ही पदवी इथेच चिकटली. या लढ्याची जी बाजू शाळेत सांगितली जात नाही ती अशी, की मुळशीतल्या बऱ्याच जमिनी तोवर पुण्याच्या सावकार-जमीनदारांच्या नावे गेल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने प्रश्न भावाचा होता. चांगला मोबदला मिळाला तर तडजोड करण्यात त्यांना गैर वाटत नव्हते. कसणाऱ्या मावळ्याला मोबदला नको होता, जमीन हवी होती, कारण मोबदला त्याचा नव्हताच. एकाच चळवळीत हे दोघे होते. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे त्यात ही फाट स्पष्ट दिसते. १९२४ पर्यंत चळवळ संपली. आगगाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो तिचा मालक व्हायचा होता. मावळातल्या कित्येक घरांत आज जी जमीन आहे ती या एका तारखेमुळे आहे, हे विसरू नये. अट मात्र पुन्हा तीच, कागदावर कूळ म्हणून नाव हवे. महारांची वतने खालसा होऊन जमिनी त्यांच्या नावे होण्याचा कायदा १९५८चा. आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण भरले. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६चा, म्हणजे पवना त्याच्या आधीचे. तिथल्या अनेक खातेदारांचे जमिनीचे दावे पुढे दशकानुदशके लोंबकळत राहिले. त्याच धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे जण मेले. त्यांत एक बाई होती.

सगळेच वजाबाकीचे नाही. १९८७ साली वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून ‘इंद्रायणी’ हा भात प्रसारित झाला, आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून. वास आंबेमोहोराचा, उत्पन्न त्याच्याहून बरेच जास्त. आज पुणे-मुंबईच्या दुकानांत तो मावळचा म्हणूनच विकला जातो. खाचरांना त्याने किंमत आणली. उताराला किंमत आणली ती द्रुतगती मार्गाने आणि शहरी लोकांच्या डोंगरावर घर बांधण्याच्या हौसेने. जो तुकडा विंगेटच्या मोजणीत दोन आण्यांचाही नव्हता, त्यावरून धरणाचे पाणी दिसते म्हणून तो आज खाचराहून महाग असू शकतो. आणि जिथे वनखात्याने १८७८ नंतर माणसांना अडवले, त्या रानावरचा गावाचा सामूहिक हक्क मागण्याची सोय २००६च्या वनहक्क कायद्याने झाली. पण तो मागायला पुरावा लागतो, आणि पुराव्यात वयस्कर माणसांचे जबाबही चालतात. कागदाऐवजी आठवण ग्राह्य धरणारा हा मला माहीत असलेला पहिला मोठा जमीनविषयक कायदा.

वर्गासाठी एक काम सुचवतो. मुलांना आपल्या घरचा नाही तर शेजाऱ्याचा सातबारा आणायला सांगा. त्यात ‘पोटखराबा’ असा रकाना असतो, म्हणजे त्या नंबरातली पिकाला निरुपयोगी ठरवलेली जमीन. तो आकडा वहीत उतरवून घ्या. मग त्याच मुलांना घरातल्या आजीला विचारायला सांगा, की त्या तुकड्यावर पूर्वी काय काय मिळायचे. गवत, शेणी, करवंदे, राबाचा पाला, औषधाची मुळी, जे सांगेल ते सगळे लिहायचे. दोन्ही वह्या शेजारी ठेवा. आणि मे महिन्यात पवनेचे पाणी उतरले की बुडालेले वाघेश्वराचे देऊळ उघडे पडते. सहल काढायची असेल तर तेव्हा काढा. तिथे उभे राहून वर उताराकडे पाहिले की गाव कुठवर होते ते मुलांना बोटाने दाखवता येते.